भोपळ्याचे वजन

लेकीच्या घरून निघालेल्या म्हातारीला पोटात घेऊन, वाटेवरच्या वाघाला चकवीत घरी आणणारा भोपळा मराठी मुलांच्या ओळखीचा आहे. तो केवढा असेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही. कॅनडात मात्र अशा भोपळ्याचा ध्यास घेतलेली माणसे होऊन गेली.

गॉडरिच गावच्या विल्यम वॉर्नॉक याचा ३६५ पौंडांचा भोपळा १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. पुढे १९०० साली पॅरिसला वॉर्नॉकने ४०० पौंड गाठले, तर १९०४ साली सेंट लुई येथे ४०३. तेथे काटा अडला तो अडलाच. दोन महायुद्धे झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला; पण हा उच्चांक मोडायला १९७६ साल उजाडावे लागले.

खतपाणी तर सगळेच घालीत होते. उणीव होती ती बियाण्याची. नोव्हा स्कोशियातील विंडसरचा हॉवर्ड डिल हा दुभती जनावरे पाळणारा शेतकरी. वनस्पतिशास्त्राची पदवी त्याच्यापाशी नव्हती, चिकाटी होती. भोपळ्याच्या वेलावर नरफुले वेगळी, मादीफुले वेगळी. मधमाशी कोठला पराग कोठे नेईल याचा नेम नाही. म्हणून पराग हाताने लावायचा, आणि उत्तम फळाचेच बी पुढच्या हंगामासाठी राखायचे. हा उद्योग त्याने वर्षानुवर्षे चालविला. १९८१ साली त्याच्या भोपळ्याने ४९३.५ पौंडांचा जागतिक उच्चांक केला. ‘अटलांटिक जायंट’ या त्याच्या वाणाच्या वंशावळीतूनच पुढचे विक्रम निघाले: १९९६ साली हजार पौंडांची मर्यादा ओलांडली गेली, २०१६ साली बेल्जियममध्ये पिकलेले फळ ११९० किलो भरले आणि २०२५ साली इंग्लंडमध्ये १२७८ किलोंच्याही वर.

या वजनाची किंमत फळालाच मोजावी लागते. वेलावर एकच फळ ठेवतात. ते इतक्या झपाट्याने वाढते की स्वतःच्या भाराने चपटे होऊन बसते, कधी तडकतेही. मराठीत भ्रमाचा भोपळा फुटतो, येथे खराच फुटतो. आणि तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला तर स्पर्धेतून बाद. चवीच्या नावाने तर आनंदच!

डिल २००८ साली वारला. त्याच्या हयातीतच, १९९९ साली, विंडसरच्या तळ्यात एक शर्यत सुरू झाली होती. गर काढून पोकळ केलेल्या भोपळ्यांत माणसे बसली आणि वल्ही मारीत पैलतीराकडे निघाली.