परिसंस्थेचा धडा : पाठांतराकडून परिसराकडे

जैविक घटक, अजैविक घटक आणि त्यांच्यातील आंतरक्रिया यांची मिळून परिसंस्था तयार होते, ही व्याख्या उच्च प्राथमिक शाळेतील अनेक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड ही अन्नसाखळीही ते उत्तरपत्रिकेत न चुकता लिहितात. मात्र गावच्या ओढ्यातील बेडूक नाहीसे झाले तर शेजारच्या शेतात काय घडेल, असा प्रश्न आला की पाठ केलेली व्याख्या उपयोगी पडत नाही. परिसंस्था ही नावांची यादी नसून नात्यांची व्यवस्था आहे. ही नाती शिकवली गेली नाहीत, तर धडा पूर्ण होऊनही विषय शिकवायचा राहूनच जातो.

सहावी ते आठवी हा टप्पा या दृष्टीने कळीचा आहे. साधारण ११ ते १४ या वयात मुले एका कारणामागे दुसरे आणि दुसऱ्यामागे तिसरे कारण शोधू लागतात. त्याआधी त्यांना झाड, पक्षी, पाणी हे सुटे सुटे ओळखता येते. या वयात त्यांचा परस्परसंबंध उमगू लागतो. पुढे यांतील बरेच विद्यार्थी विज्ञान शाखेकडे वळत नाहीत. तरीही ग्रामसभेत, गृहनिर्माण संस्थेत किंवा स्वतःच्या शेतात पाणी, झाडे आणि जमीन यांविषयी निर्णय घेण्याची वेळ त्यांच्यावर येतेच. त्या निर्णयांचा पाया शालेय वयातच घातला जातो.

न्यायालयापासून पाठ्यपुस्तकापर्यंत

राज्यघटनेत १९७६ साली झालेल्या ४२ व्या दुरुस्तीने नैसर्गिक पर्यावरणाचे संरक्षण करणे व सजीवांविषयी दयाभाव बाळगणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. पर्यावरणविषयक खटले लढविणारे विधिज्ञ एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय करावा, असे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळल्याने २००३ साली न्यायालयाने पुन्हा लक्ष घातले आणि राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस अभ्यासक्रम तयार करण्यास सांगितले.

त्यानंतर आलेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी 'अधिवास आणि अध्ययन' या विषयावर पर्यावरणशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमण्यात आला होता. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराचा प्रत्यक्ष अभ्यास करावा आणि त्यांच्या नोंदी समाजालाही उपयोगी पडाव्यात, ही या गटाच्या मांडणीतील महत्त्वाची कल्पना होती.

महाराष्ट्रात 'परिसर अभ्यास' या नावाने प्राथमिक वर्गांत या विषयाची ओळख होते. बालभारतीने २०१८ साली आणलेल्या आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात परिसंस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे, तर २०१७ च्या नववीच्या पुस्तकात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचा विचार केला आहे. थोडक्यात, पुस्तकात विषयाला जागा मिळालेली आहे. प्रश्न आहे तो अध्यापनाचा.

संकल्पना कशी घडली?

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासाला 'इकॉलॉजी' हे नाव दिले. इंग्लंडमधील चार्ल्स एल्टन यांनी १९२७ साली अन्नसाखळीची संकल्पना सुस्पष्टपणे मांडली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सली यांनी १९३५ साली 'इकोसिस्टीम', म्हणजेच परिसंस्था, ही संज्ञा वापरली. माती, पाणी, हवा यांना सजीवांपासून वेगळे काढता येणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेतील रेमंड लिंडेमन यांनी मिनेसोटातील एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून १९४२ साली एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर ऊर्जा कशी जाते, याचा हिशेब मांडला.

हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे. या शास्त्रातील एक मूलभूत विचार एका तळ्याच्या चिकाटीने केलेल्या निरीक्षणातून आला, हे कळले की विद्यार्थ्यांना गावच्या तळ्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

चार नेहमीचे गैरसमज

अध्यापनात प्रथम काही गैरसमज दूर करावे लागतात. पहिला गैरसमज, वनस्पती आपले अन्न मातीतून घेतात हा. याचे उत्तर सतराव्या शतकातील यान फान हेल्मॉन्ट यांच्या प्रयोगात सापडते. त्यांनी कुंडीत विलोचे रोप लावून पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाडाचे वजन सुमारे ७४ किलोने वाढले. मातीचे वजन मात्र जेमतेम ५७ ग्रॅमने घटले. हे सारे वजन पाण्यातून आले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेतील कार्बन डायऑक्साइडचा वाटा पुढील संशोधनातून उलगडला. मोठमोठे वृक्ष प्रामुख्याने हवा आणि पाणी यांपासून घडतात, ही बाब विद्यार्थ्यांना विचार करायला लावते.

दुसरा गैरसमज बाणाच्या दिशेचा. 'बेडूक नाकतोड्याला खातो' म्हणून मुले बेडकाकडून नाकतोड्याकडे बाण काढतात. वास्तविक बाण ऊर्जा कोणाकडून कोणाकडे जाते हे दर्शवितो, म्हणून तो नाकतोड्याकडून बेडकाकडे असतो.

तिसरा गैरसमज, कुजलेली वस्तू नाहीशी होते हा. कुजणे म्हणजे नाश नव्हे. जिवाणू, बुरशी आणि गांडुळे यांच्या कामामुळे त्यातील द्रव्ये माती व हवेत परत जातात. पोषकद्रव्ये अशी चक्राकार फिरतात. ऊर्जा मात्र सूर्याकडून येऊन उष्णतेच्या रूपाने निघून जाते, ती परतत नाही. हा भेद समजला की निम्मा विषय समजला.

त्यासाठी ज्वारीचे दाणे पुरेसे आहेत. 'गवत' झालेल्या गटाकडे १००० दाणे द्यावेत. त्यातील १०० 'नाकतोड्या'कडे, १० 'बेडका'कडे आणि अखेरीस एकच दाणा 'सापा'कडे जातो. उरलेले दाणे म्हणजे न खाल्ला गेलेला भाग, तसेच जगण्यात खर्च होऊन उष्णतारूपाने गेलेली ऊर्जा. दहा टक्के ही ढोबळ सरासरी असून ठिकठिकाणी प्रमाण बदलते, हेही सांगावे. गवत अमाप आणि वाघ मोजके का, याचे उत्तर मुले मग स्वतःच देतात.

चौथा गैरसमज सर्वांत चिवट आहे. एखादा जीव नाहीसा झाला तर परिणाम केवळ त्याच्या भक्ष्यावर आणि भक्षकावर होतो, असे मुलांना वाटते. अन्नसाखळी सरळ रेषेत शिकवल्याचा हा परिणाम आहे. प्रत्यक्षात ते जाळे असते आणि एका धाग्याला बसलेला ताण दूरवर पोहोचतो.

गिधाडांनी शिकवलेला धडा

हे पटवून देण्यासाठी दूरदेशीच्या उदाहरणांची गरज नाही. भारतातील गिधाडांची संख्या १९९० च्या दशकापासून झपाट्याने घसरली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण समोर आणले. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. मृत जनावरांपैकी एक टक्क्याहून कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घसरण होण्यास ते पुरेसे होते. कारण एकाच जनावरावर गिधाडांचा मोठा थवा उतरतो.

गिधाडे गेली आणि गावाबाहेर टाकलेली जनावरे तशीच कुजू लागली. भटक्या कुत्र्यांना मुबलक खाद्य मिळाले. पारशी समाजाच्या दोखम्यांतील अंत्यविधीची परंपराही अडचणीत आली. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर भारताने २००६ साली बंदी घातली. गिधाडांना घातक ठरणाऱ्या अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांवर २०२३ साली निर्बंध आले.

गोठ्यातील इंजेक्शन आणि मुंबईतील दोखमे यांना जोडणारा हा धागा फळ्यावर काढला, तर परिसंस्था म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. या कथेत कोणीही गिधाडांना मारायला निघाले नव्हते, हे विशेष. नाती ठाऊक नसल्याने काय घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

प्रयोगशाळा दाराशीच

मराठीत दुर्मीळ गोष्टीला 'उंबराचे फूल' म्हणतात. उंबराची फुले फळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या आत दडलेली असल्याने ती दिसत नाहीत, म्हणून हा वाक्प्रचार. ते 'फळ' उघडून भिंगाखाली पाहिल्यास आत बारीक किडे आढळतात. ठरावीक जातीची इवली गांधीलमाशी आत शिरून अंडी घालते आणि परागीभवनही घडवते. तिच्या पुढच्या पिढीतील माद्या पराग घेऊन दुसऱ्या झाडाकडे जातात. माशी नसेल तर बी नाही आणि उंबर नसेल तर माशी नाही. तांबट, हरियाल, वटवाघळे, माकडे अशा अनेकांचे पोट या झाडावर अवलंबून असते. एका उंबरातून सहजीवन, परागीभवन आणि अन्नजाळे या तिन्ही संकल्पना शिकवता येतात.

मैदानात सुतळीने एक चौरस मीटरचा चौकोन आखून त्यातील वनस्पती, मुंग्या, कोळी यांची नोंद घेणे हा दुसरा सोपा उपक्रम. असाच चौकोन सावलीत आणि पायवाटेवर आखला की प्रकाश, ओलावा व तुडवली गेलेली माती यांचा परिणाम आकड्यांत दिसतो. प्लास्टिकची बाटली कापून केलेल्या नरसाळ्यात ओला पालापाचोळा ठेवून वर दिवा लावल्यास, उजेड व उष्णता टाळणारे सूक्ष्म जीव खालच्या भांड्यात उतरतात. केळीची साल, पिंपळाचे पान आणि प्लास्टिकचा तुकडा वेगवेगळ्या जाळीदार पिशव्यांत पुरून दोन महिन्यांनी उकरल्यास विघटन डोळ्यांना दिसते. पाहून झालेले जीव जागच्या जागी सोडावेत. घरटी, अंडी गोळा करू नयेत. पाण्याजवळचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावे.

मैदान नसलेल्या शहरी शाळांनाही वाट बंद नाही. भिंतीवरील शेवाळ, गच्चीतील कुंडी, रस्त्याकडेचे झाड यांचेही निरीक्षण करता येते. मुंबईत धारावीनजीकचे सुमारे ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान पूर्वीच्या कचराभूमीवर उभे राहिले आहे. उजाड जागी जीवसृष्टी टप्प्याटप्प्याने कशी परतते, हे तेथे शिकवता येते. अजैविक घटकांचे महत्त्व सांगण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे खारे, अल्कधर्मी सरोवर उत्तम आहे. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली, हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि सरोवर गुलाबी दिसू लागले.

वर्षभराचे नियोजन

परिसंस्थेचे प्रकरण चार तासिकांत उरकण्याऐवजी ऋतुमानानुसार विभागणे हितावह ठरते. पावसाळ्यात बेडूक, शेवाळ आणि नव्याने उगवणाऱ्या वनस्पती, ऑक्टोबरमध्ये गवतांचे बी व फुलपाखरे, हिवाळ्यात जलाशयांवरील चक्रवाकासारखे स्थलांतरित पक्षी, तर मार्च-एप्रिलमध्ये पळस-पांगाऱ्याची फुले आणि आटणारे पाणवठे असा क्रम ठेवता येईल. एकाच जागेची महिन्यातून एकदा नोंद घेतल्यास परिसंस्था सतत बदलत असते, हे विद्यार्थ्यांच्या वहीतच सिद्ध होते.

अशा नोंदींना शाळेबाहेरही मोल आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावातील वनस्पती, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान तीत नोंदवले जाते. आजी-आजोबांकडून मिळालेली माहिती विद्यार्थ्यांनी संकलित केल्यास या कामास हातभार लागू शकतो.

केवळ वृक्षारोपण पुरेसे नाही

शाळांतील पर्यावरण उपक्रम अनेकदा वृक्षारोपणापुरते मर्यादित राहतात. झाडे लावणे चांगलेच. पण प्रत्येक मोकळी जागा झाडांसाठी रिकामी असते असे नाही. दख्खनच्या पठारावरील गवताळ रान ही स्वतंत्र परिसंस्था असून काळवीट, लांडगा, धाविक यांसारखे प्राणी-पक्षी तिच्यावर अवलंबून असतात. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसर माळढोकासाठी ओळखला गेला, तो अशाच माळरानामुळे. सरकारी वर्गीकरणात मात्र अशा रानांचा मोठा भाग 'पडीक' या सदरात गेला. माळावर दाट झाडी लावणे तेथील जीवांना उपकारक नव्हे, तर अपायकारक ठरू शकते. कोकणातील कातळसडे आणि साताऱ्याचे कास पठार यांनाही हेच लागू पडते. 'येथे काय लावावे?' या प्रश्नाआधी 'येथे काय आहे?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे, हे परिसंस्था शिकवण्याचे खरे प्रयोजन आहे.

परीक्षाही बदलायला हवी

परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकवले जाते, हे वास्तव आहे. 'परिसंस्थेची व्याख्या लिहा' या प्रश्नाऐवजी 'शेतातील गव्हाणी घुबडे नाहीशी झाल्यास उंदीर, धान्य आणि शेतकऱ्याचा खर्च यांवर काय परिणाम होईल, ते कारणांसह लिहा' असा प्रश्न विचारता येईल. प्रकल्पासाठी दुकानातील तयार तक्ता चिकटवण्याऐवजी स्वतःच्या निरीक्षणाची वही मागवावी आणि चुकलेल्या अंदाजालाही, कारण दिले असल्यास, गुण द्यावेत.

यासाठी महागडी साधने लागत नाहीत. सुतळी, भिंग, वही आणि वेळापत्रकात राखून ठेवलेली महिन्याकाठी एक तासिका एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. ती तासिका देण्याची तयारी मुख्याध्यापकांनी आणि वर्गाबाहेर जाण्याची मोकळीक शिक्षकांना पालकांनी दिली पाहिजे. आज गावच्या तळ्यातील नाती ओळखणारा विद्यार्थीच उद्या ते तळे बुजविण्याचा ठराव पुढे आल्यावर नेमका प्रश्न विचारू शकेल.