मेंदूची वेस

"सर, जमीन बेचू क्या?"

असरची नमाज पढून बाहेर पडलो, चपला पायात घालत होतो, तेव्हा हा प्रश्न आला. विचारणारा आमच्या निमोण्यातलाच, ट्रॅक्टर-ट्रॉलीची वेल्डिंगची कामं करणारा. वडिलांकडून आलेली दीड एकर जमीन, घोड नदीच्या पाण्यावर होणारा थोडा ऊस. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. कुणीतरी पाठवलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ होता. डोक्यावर हेल्मेटसारखं यंत्र चढवलेला एक मुलगा, मागे इंग्रजी निवेदन आणि खाली हिंदीत ओळ: बिना ऑपरेशन ब्रेन ट्यूमर का इलाज.

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञानाशी माझा संबंध बीएडच्या परीक्षेनंतर तुटला. पण गावात इंग्रजी वाचता येणाऱ्या माणसाला लोक सगळंच विचारतात, विम्याच्या कागदापासून एमआरआयच्या रिपोर्टपर्यंत. या वेळी 'मला त्यातलं कळत नाही' म्हणून सुटायची सोय नव्हती. कारण त्या मुलीच्या आजाराची पहिली खूण माझ्याच टेबलावर आली होती आणि मी तिच्यावर लाल पेन मारला होता. तिच्या उर्दूच्या वहीतले नुक्ते भरकटायला लागले होते, बे चा नुक्ता ओळ सोडून खाली. मराठीच्या वहीत शिरोरेषा उताराला लागलेली. 'लक्ष कुठे असतं तुझं?' असं मी चारचौघांत म्हणालो. पुढे तिचा एक डोळा आत वळला, जिन्यावर पाय अडखळू लागला, पाणी पिताना नाकातून येऊ लागलं. घरच्यांनी नजर उतरवली, चष्मा केला. शेवटी पुण्यात एमआरआय झाला तेव्हा गाठ मेंदूच्या देठात निघाली. डॉक्टरांनी चार इंग्रजी अक्षरं लिहिली: डीआयपीजी.

तर मी वाचायला बसलो. पुढे लिहितो आहे तो त्या वाचनाचा हिशेब आहे.

मेंदूच्या देठातल्या ज्या भागात ही गाठ होते त्याला पॉन्स म्हणतात. लॅटिनमध्ये पॉन्स म्हणजे पूल. मेंदू आणि शरीर यांच्यातली ये-जा या पुलावरून होते. डोळे हलवणं, गिळणं, चेहऱ्याची हालचाल इथूनच चालते. गाठ पुलाच्या शेजारी नसते. ती पुलाच्या दगडादगडांत मुरलेली असते, त्यामुळे शस्त्रक्रिया करून काढता येत नाही. रेडिएशनने काही महिने आराम पडतो. बहुतेक मुलं पाच ते दहा वर्षांची असतात आणि निदानानंतर साधारण वर्षभरच जगतात. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगची लहानगी कॅरन 1962 च्या जानेवारीत याच आजाराने गेली. बाप साडेसात वर्षांनी चंद्रावर उतरला. तेव्हाही उपचार रेडिएशनचाच होता, आणि आज आमच्या गावच्या मुलीलाही तोच मिळतो. या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

इतक्या वर्षांत कर्करोगाची एवढी औषधं निघाली, मग इथे काय अडलं? उत्तर शोधताना मी शंभराहून जास्त वर्षं मागे गेलो. जर्मनीत पॉल एरलिख प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून बघत असे. 1885 च्या सुमारास त्याला दिसलं की सगळं शरीर रंगतं, मेंदू मात्र कोरा राहतो. त्याला वाटलं, मेंदूला रंग धरतच नसेल. त्याचाच शिष्य एडविन गोल्डमन याने 1913 मध्ये उलटं करून पाहिलं. रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं! म्हणजे रंग धरण्याचा प्रश्न नव्हताच, मध्ये काहीतरी आडवं उभं होतं.

जुन्या गावांना वेस असायची आणि वेशीवर येसकर. दिवेलागणीनंतर वेस बंद. ओळखीचा असेल तो आत, अनोळखी बाहेर. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की त्यांच्या फटीतून काही गळत नाही. साखर, प्राणवायू यांना वाट आहे. जंतूंना, विषाला आणि बहुतेक औषधांनाही नाही. येसकर इमानदार आहे, एवढाच त्याचा दोष. त्यात डीआयपीजीच्या गाठीत ही वेस इतर गाठींपेक्षा जास्त शाबूत असते.

या वेशीला 'रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर' हे नाव रूढ करणाऱ्यांत लीना श्टर्न ही बाई आघाडीवर होती. तिच्याबद्दल वाचल्यावर मी त्या रात्री मुख्य विषय बाजूलाच ठेवला. 1878 चा जन्म, ज्यू कुटुंब, जिनिव्हा विद्यापीठातली पहिली स्त्री प्राध्यापक. 1925 मध्ये ती मॉस्कोला गेली, 1939 मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीची पहिली स्त्री सदस्य झाली. तिचं म्हणणं सरळ होतं: वेशीतून औषध जात नसेल तर वळसा घालून न्या. क्षयाचा मेंदूज्वर झालेल्या मुलांना तिने अमेरिकेतून मिळवलेलं स्ट्रेप्टोमायसीन थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचून दिलं. तोवर हा ज्वर म्हणजे मरणच, पण त्यातली काही मुलं वाचली. 1949 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी तिला उचललं. ज्यूंच्या ज्या समितीत ती होती, तिच्यावर खटला चालला. ऑगस्ट 1952 मध्ये तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. श्टर्न तेवढी वाचली. तिची रवानगी कझाकस्तानात झाली. मुलांचा जीव वाचवणारी सत्तरी ओलांडलेली बाई देशद्रोही कशी ठरते, हे आजच्या दिवसांत मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आता आवाजाकडे येतो. व्हिडिओतलं यंत्र आवाजावर चालतं, आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजावर. सोनोग्राफीमुळे तो आपल्या बायाबापड्यांना ठाऊक आहे. त्याचा जन्म मात्र लढाईतला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचा पॉल लाँजव्हँ पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्झच्या चकत्यांतून पाण्यात असा आवाज सोडत होता. त्या झोतात सापडलेले मासे मरत. कुणीतरी पाण्यात हात घातला तर कळ येई. म्हणजे हा आवाज नुसता बघत नाही, करतोही, हे तेव्हाच लक्षात आलं.

मुलीच्या बापाला हे समजावताना मी घरातलं भिंग घेतलं आणि ओसरीवर उन्हात काडी पेटवून दाखवली. भिंग उन्हात धरलं तर मधल्या हवेत काही जळत नाही, जिथे सगळे किरण एकत्र येतात तिथेच धूर निघतो. (984 मध्ये बगदादच्या इब्न सहलने अशा जाळणाऱ्या भिंगांवर ग्रंथ लिहिला होता. आपल्याकडे अशी नावं सांगून छाती फुगवायची सवय आहे. मी फक्त भिंगाचं नाव निघालं म्हणून सांगितलं.) आवाजाचंही तसंच करता येतं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय या भावांनी 1950 च्या दशकात आवाजाचे झोत मेंदूत एका बिंदूवर आणले. पण कवटीचं हाड आवाज गिळतं आणि वाकडा करतं. म्हणून त्यांना आधी कवटीचा तुकडा काढावा लागे. हेल्मेटमध्ये आवाजाचे शेकडो छोटे स्रोत बसवायचे, हाडाची जाडी सीटी स्कॅनवर मोजून प्रत्येकाची वेळ वेगळी लावायची आणि एमआरआयमध्ये बघत नेम धरायचा, हे जमायला पुढे अर्धं शतक गेलं.

वेशीचं गुपित 2001 मध्ये कुल्लेर्वो ह्युनिनेन आणि सहकाऱ्यांच्या सशांवरच्या प्रयोगात उलगडलं. हृदयाच्या तपासणीत शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडतात, रक्तपेशीएवढे किंवा त्याहून लहान. तेच बुडबुडे रक्तात असताना सौम्य आवाज एका बिंदूवर आणला की बुडबुडे तिथे फुगतात, आकसतात आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला आतून ढोसतात. पेशींची घट्ट मिठी सैल होते. इथे काडीसारखं जळत काही नाही. माझा दाखला इथे तोकडा पडतो, आणि बापाला मी ते सांगितलं. काही तासांनी, फार तर एका दिवसात, वेस पुन्हा बंद होते. तेवढ्या वेळात औषध आत गेलं पाहिजे. 2015 मध्ये टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात कवटी न उघडता माणसाच्या मेंदूची वेस अशी पहिल्यांदा उघडली. पॅरिसमध्ये अलेक्झांडर कारपाँतिए यांनी त्याच सुमारास कवटीत बसवायचं छोटं यंत्र वापरून तेच साधलं.

इम्युनोथेरपीला याची गरज का, तर तिची औषधं धिप्पाड असतात. प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, हा साध्या औषधाच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठा. 2021 मध्ये सनीब्रुकच्याच संशोधकांनी मेंदूत पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या चार स्त्रियांना असा प्रतिपिंड दिला आणि आवाजाने वेस उघडली. त्या जागी तो जास्त पोचला, हे त्यांनी स्कॅनवर मोजून दाखवलं. दुसरी तऱ्हा कार-टी पेशींची: रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांना शत्रू ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायचं. स्टॅनफर्डमध्ये मिशेल मोंजे आणि क्रिस्टल मॅकॉल यांनी डीआयपीजीच्या मुलांना आणि तरुणांना अशा पेशी दिल्या. 2024 च्या अहवालात अकरापैकी नऊ जणांना काही ना काही फायदा दिसला, एकाची गाठ स्कॅनवर पूर्ण गेली. पहिला डोस शिरेतून, पुढचे थेट मेंदूच्या पाण्यात. म्हणजे श्टर्नबाईंचाच वळसा! पण पेशी गाठीवर तुटून पडल्या की सूज येते, आणि पुलावर सुजेला जागा नसते. म्हणून ही मुलं दवाखान्यातच डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.

आणि व्हिडिओतलं हेल्मेट? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि टोरोंटोत डीआयपीजीच्या मुलांची वेस आवाजाने उघडून पाहिली गेली. आत सोडलेलं औषध कर्करोगावरचं रसायन होतं, इम्युनोथेरपी नव्हे. या चाचण्यांचा पहिला प्रश्न 'मूल बरं होतं का' असा नसतोच. 'हे केल्याने इजा तर होत नाही ना' एवढाच असतो. आवाज आणि इम्युनोथेरपी यांची जोडी मुलांच्या गाठीवर लावायची, ही त्याच्या पुढची पायरी. व्हिडिओ बनवणाऱ्याने मधल्या सगळ्या पायऱ्या खाऊन टाकल्या होत्या.

आपल्याकडचं सांगायचं तर, मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि टाटांच्या ट्रस्टने परळचं टाटा मेमोरियल 1941 मध्ये उघडलं. 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. त्यांच्याच खारघरच्या केंद्रात जून 2021 मध्ये भारतात बनवलेल्या कार-टी पेशी पहिल्यांदा रुग्णाला दिल्या गेल्या. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या चमूने त्या घडवल्या होत्या. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आला. एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. मला त्याचा अभिमान वाटतो. पण तो उपचार रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, मेंदूच्या गाठीसाठी नाही. आणि दहावा हिस्सा म्हणजेसुद्धा निमोण्यातली दीड एकर आणि वर कर्ज.

हे सगळं मी त्याला एका बैठकीत सांगितलं नाही. तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी त्याची आई, मुलीची दादी, पण येऊन बसली. तिने एकच विचारलं, "आवाज देते तवा पोरीला दुखतं का?" मी म्हणालो, दुखत नाही असं लिहिलंय, पण तासन्‌तास हलता येत नाही, आणि लहान मुलांना कधी भूल द्यावी लागते. तिने मान हलवली.

जाताजाता इनामगावचं आठवलं म्हणून लिहितो. ते आमच्याच शिरूर तालुक्यात, घोडेच्या काठी. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या डेक्कन कॉलेजच्या पथकाने 1968 पासून तिथे खणून तीन हजार वर्षांहून जुनं गाव उजेडात आणलं. तिथली मुलं मोठ्या संख्येने दगावत. मेलेल्या मुलाला दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नेत नसत. मी पोरांना सहलीला नेलं होतं तेव्हा हीच मुलगी म्हणाली होती, "सर, त्यांना वाटत असेल, घरात असलं की अंधारात भीती वाटणार नाही."

"तर मग बेचू का नको?" तिसऱ्या संध्याकाळी त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "नको. या व्हिडिओसाठी तर नकोच. पण चाचण्यांची नावं कागदावर लिहून देतो, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवा आणि विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत." त्याने कागद नेला. डॉक्टरांनी तो नीट वाचला, एवढं तो मला आवर्जून सांगायला आला होता. रेडिएशनचे सहा आठवडे झाले. त्यानंतर चार महिने ती शाळेत आली. त्या चार महिन्यांत नुक्ते पुन्हा ओळीवर बसत होते, आणि मी तिच्या वहीत लाल पेन वापरला नाही.

गेल्या वर्षी रजबच्या महिन्यात तिचा जनाजा निघाला. जमीन अजून त्यांच्याकडेच आहे, यंदा तिच्यात कांदा आहे.