वजरीनंतरची आम्लं

भूमच्या खवा भट्ट्या आणि ढोकीचा तेरणा साखर कारखाना धाराशिव जिल्ह्यात कुणाला सांगावा लागत नाही. चेहऱ्याच्या सीरमवर नाव असलेली दोन आम्लं याच दोन मालांच्या गोतातली: लॅक्टिक दुधाकडचं, ग्लायकोलिक उसाकडचं.

1780 मध्ये स्वीडनच्या कार्ल शेले यांनी आंबलेल्या दुधातून लॅक्टिक वेगळं काढलं. दही-ताक अंगाला चोळून न्हाणाऱ्या बायकांनी ते कितीतरी आधीपासून वापरलं होतं. पुढे जिवाणूंना दुधाऐवजी साखर किंवा मळी देऊनही तेच आम्ल मिळू लागलं आणि त्याचे कारखाने निघाले. ग्लायकोलिक उसाच्या रसात असतं, पण अगदी थोडं. बाजारातला बराचसा माल फॉर्मल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइडपासून बनतो. म्हणून बाटलीवरचं उसाचं चित्र पाहून ते सौम्य असेल असं कृपा करून समजू नका. रेणू तोच, झोंबणंही तेच.

तिसरं सॅलिसिलिक. इटलीच्या राफाएले पिरिया यांनी 1838 मध्ये ते विलो झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनपासून मिळवलं. आपल्याकडे ते सौंदर्यासाठी आलंच नाही. तळपायाच्या कुरुपावर चिकटवतात त्या कॉर्न कॅपमध्ये साधारण 40 टक्के सॅलिसिलिक असतं, गजकर्णावरच्या व्हिटफील्ड मलमात 3 टक्के.

चेहऱ्याकडे वाट वळली ती एका आजारामुळे. इक्थिओसिसमध्ये कातडीवर जाड खपल्या धरतात. अमेरिकेतल्या यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी 1974 मध्ये दाखवलं, की लॅक्टिक, ग्लायकोलिकसारखी आम्लं लावली की त्या सुटतात. वजरी मेलेली कातडी खरवडून काढते. आम्ल तिच्या पेशींना धरून ठेवणारे बंध सैल करतं. ग्लायकोलिकचा रेणू जेमतेम दोन कार्बनचा, म्हणून चटकन आत शिरतो आणि चुणचुणतोही. लॅक्टिक तीन कार्बनचं, जरा सोसवणारं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून मुरुमांच्या तेलकट छिद्रांत तेच पोचतं.

ग्लायकोलिक, लॅक्टिक घरी वापरायचं तर 10 टक्क्यांच्या आत असावं आणि पीएच 3.5 च्या खाली नको, अशी मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने 1998 मध्ये घातली. ही दोन्ही आम्लं लावलेली कातडी उन्हाला हळवी होते. मराठवाड्यातल्या उन्हात ती रात्रीच लावावीत, दिवसा सनस्क्रीन आणि डोक्यावरून पदर किंवा रुमाल घ्यावा. लावणं थांबवल्यावरही आठवडाभर ही काळजी सोडू नये.