शरीरसंघटन-मापनाची विश्वसनीयता

शरीरातील मेद, पाणी, स्नायू व अस्थी यांच्या परस्पर प्रमाणास शरीरसंघटन म्हणतात. जिवंत व्यक्तीच्या शरीरातील मेद थेट वेगळा काढून मोजता येत नाही. त्वचेच्या घडीची जाडी, विद्युत्‌प्रवाहास होणारा विरोध, शरीराची घनता किंवा क्ष-किरणांचे शोषण मोजून त्यावरून सूत्राने अंदाज बांधला जातो. पुनर्मापनात तोच आकडा येणे म्हणजे विश्वसनीयता, तर तो आकडा वस्तुस्थितीजवळ असणे म्हणजे यथार्थता. रोज दोन किलो अधिक दाखविणारा वजनकाटा विश्वसनीय असतो, पण यथार्थ नसतो.

केवळ वजन व उंचीवरून काढलेला देहवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) कसा फसवा ठरतो, याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दिले. ते व ब्रिटिश सहलेखक जॉन युडकिन या दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मेदाचे प्रमाण मात्र याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आढळले.

मापनात फरक पाडणारे घटक

त्वचेची घडी चिमटीत धरून कॅलिपरने मोजण्याची पद्धत स्वस्त असली, तरी ती मोजणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. जागा सेंटिमीटरभर सरकली, घडीत स्नायू आला किंवा कॅलिपर अधिक वेळ दाबून ठेवला, की वाचन बदलते. म्हणून मोजणाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण देऊन प्रत्येक जागेची मोजणी दोन-तीनदा करतात. या जाडीवरून मेद काढण्याचे डर्निन व वुमर्सली यांचे १९७४ चे सूत्र ४८१ युरोपीय स्त्री-पुरुषांवर आधारलेले आहे. ते भारतीयांना जसेच्या तसे लावल्यास काळजीपूर्वक केलेले मापनही चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकते.

व्यायामशाळांतील विद्युत्-यंत्रे शरीरातील पाण्याचा अंदाज घेतात आणि मेदविरहित भागात सुमारे ७३ टक्के पाणी असते असे गृहीत धरून मेद काढतात. पाणी कमी असल्यास विरोध वाढून मेद जास्त दिसतो. उलट व्यायामानंतर त्वचा तापलेली व रक्तप्रवाह वाढलेला असताना तो कमी दिसू शकतो. खानदेशातील मे महिन्याच्या उन्हात शेतातून आलेल्या माणसाचे सायंकाळचे वाचन आणि त्याचेच सकाळी उपाशीपोटी घेतलेले वाचन यांची तुलना म्हणूनच निरर्थक होय. केवळ पायांखालून प्रवाह सोडणारे काटे धडाविषयी फारसे सांगत नाहीत. क्ष-किरणांवर आधारित डेक्सा पद्धत अधिक अचूक मानली जाते. तथापि वेगवेगळ्या उत्पादकांच्या यंत्रांची वाचने परस्परांशी जुळतीलच असे नाही.

बालकांचे मापन

शिरपूर तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्यात येतो. अशा आदिवासी पट्ट्यात मेदाच्या टक्केवारीपेक्षा बालकाच्या दंडाचा घेर अधिक उपयोगी पडतो. सहा महिने ते पाच वर्षे वयात हा घेर ११.५ सें.मी.पेक्षा कमी असल्यास तीव्र कुपोषण, तर ११.५ ते १२.५ सें.मी.पेक्षा कमी असल्यास मध्यम कुपोषण समजतात. खांदा व कोपर यांचा मध्य न काढता पट्टी वर-खाली बांधली किंवा ती आवळली, तर दोन-तीन मिलिमीटरच्या फरकाने बालकाचा वर्ग बदलतो व उपचारांचा मार्गही बदलतो. सैल पट्टीने घेर वाढून आजारी बालक यादीबाहेर राहते, ही चूक अधिक घातक. दोन्ही पायांवर सूज असल्यास वजन विश्वसनीय राहत नाही. त्यामुळे पायावर अंगठा दाबून खळगा राहतो का, हे आधी पाहतात व तशी सूज आढळल्यास घेर कितीही असला तरी बालक तीव्र कुपोषित धरतात.