राजगडाच्या पायथ्याची पहिलटकरीण

कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना वर्षाला २६ होनांचं वेतन बांधून दिलेलं होतं. बाळंतिणीच्या मदतीला धावून आलेल्या बाईचं नाव आणि तिचा मोबदला, दोन्ही शिल्लक राहिलेत असं आमच्या मुलखातलं एवढं एकच उदाहरण मला ठाऊक आहे. संभाजीराजे १४ मे १६५७ला पुरंदरावर जन्मले. त्यांच्या आई सईबाईंची तब्येत ढासळलेली, अंगावर दूध पुरेना. म्हणून कापूरहोळच्या या लेकुरवाळीला गडावर बोलावलं. तिने आपल्या लेकरांबरोबर राजालाही पाजलं आणि तिची मुलं राजाचे दूधभाऊ झाली.

सईबाई त्या दुखण्यातून पुन्हा नीट उठल्या नाहीत. ५ सप्टेंबर १६५९ला राजगडावर त्या गेल्या तेव्हा संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे होते. शिवाजीमहाराज अफझलखानाशी गाठ घ्यायच्या तयारीत प्रतापगडावर होते. राजगडाच्या पायथ्याच्या आमच्या गुंजवण्याहून चोरदरवाज्याच्या वाटेने चढलं की पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी दाखवतात. शनिवार-रविवारी शेकडो पोरं तिच्याजवळून बालेकिल्ल्याकडे जातात. संभाजीराजांच्या आधी सईबाईंना तीन मुली झाल्या होत्या. त्यांतली थोरली सखूबाई पुढे फलटणच्या निंबाळकरांच्या, म्हणजे आईच्याच माहेरघरात सून म्हणून गेली. सईबाई पहिल्यांदा आई झाल्या त्या या सखूबाईच्या. पण त्या बाळंतपणाची कथा कोणी सांगत नाही, कारण मुलगी झाली होती.

राजारामांच्या जन्माची मात्र कथा झाली. २४ फेब्रुवारी १६७०, राजगडावरच. सोयराबाईंचं मूल पालथं उपजलं, लोक मनात चरकले, तेव्हा महाराज म्हणाले की हा दिल्लीची पातशाही पालथी घालील. सभासदाच्या बखरीतली ही हकिकत आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. मी चाळीसेक वर्षं बाळंतपणं पाहिली, म्हणून माझं लक्ष दुसरीकडे जातं. ते पालथं मूल कोणाच्या तरी हातांत आलं असणार. कोणीतरी नाळ कापली, कोणीतरी वार पडेपर्यंत बाईच्या पोटावर हात ठेवून बसली. गडाखालच्याच एखाद्या वाडीतून मशालीच्या उजेडात तिला वर नेलं असेल. तिला बखरीत जागा नाही.

मी गुंजवण्याची माहेरवाशीण. आरोग्यसेविका म्हणून सगळी नोकरी वेल्हे तालुक्यात झाली. या तालुक्याला आता राजगड म्हणतात. माझी आजी सुईण होती. आमचं घर गावकुसाबाहेरचं. मावळात सुईण बहुतेक मांगा-महारांच्या नाहीतर न्हाव्याच्या घरातली असायची, आणि ते काम तिच्याकडे कसबाच्या मानाने आलेलं नव्हतं. बाळंतिणीचा विटाळ मानायचे. तो कोणी अंगावर घ्यायचा, तर जिला एरवीही शिवत नाहीत तिने. ज्या घराच्या ओट्यावर आजीला एरवी बसू देत नसत, तिथे कळा सुरू झाल्या की तिला थेट आतल्या खोलीत नेत. सुवेर फिटेपर्यंत रोज ती बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घाले, पोट चोळून देई, विटाळाचे कपडे धुई. मग लुगडं-चोळी, पायलीभर तांदूळ, नारळ. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा ओट्याखाली. आजी हे रडून सांगत नसे. पण मला त्याचा राग आजही येतो, आणि सुईणीच्या मायेची गाणी गाणाऱ्यांनी हा भाग गाळू नये असं मला वाटतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्या महाराष्ट्राची. मावळात तिला भाताने आणखी अर्थ दिला. आषाढात आवणी चालू असताना सासरी कोणीच रिकामं नसतं. पोटुशी बाईसुद्धा इरलं घेऊन चिखलात वाकलेली. सातव्या महिन्यात ओटी भरून मुराळी तिला न्यायला येई, तेव्हापासून सव्वा महिन्याची बाळंतीण होऊन परत जाईपर्यंत तिच्या कंबरेला काय तो विसावा. मुंबई प्रांतात प्रसूतीच्या रजेचा कायदा १९२९मध्ये झाला, देशातला पहिला. त्याच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. पण तो गिरणी-कारखान्यातल्या बाईसाठी होता. खाचरात राबणाऱ्या बाईची रजा म्हणजे तिचं माहेर. ज्या पोरीला माहेर नव्हतं, तिला रजाही नव्हती.

डिंकाचे लाडू आमच्या वाट्याला फारसे येत नसत. अळीव-गूळ, नाचणीची पेज, लसूण घातलेली शेपूची भाजी, जमलं तर गावठी कोंबडीचा रस्सा. बाजेखाली शेगडी, तीत ओवा आणि वावडिंग. सगळी खोली धुराने भरलेली. ती धुरी बाळाच्या छातीला बरी नाही, हे मी पुढे घरोघर सांगत फिरले.

आजी दिवे लावायची ते पाचवीला. पाटा-वरवंटा मांडायचा, सटवाई पुजायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि रात्रभर कोणीतरी जागं राहायचं. सटवाई येऊन कपाळी लेख लिहिते. प्रशिक्षणाला गेले तेव्हा मला या जागरणामागच्या भीतीचं मूळ दिसलं. नाळ विळ्याने नाहीतर बांबूच्या कामटीने कापायची, वर राख दाबायची. त्यातून धनुर्वात व्हायचा, आणि धनुर्वात झालेलं मूल जन्मल्यानंतरच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच जातं. आधी दूध ओढायचं थांबतं, मग जबडा मिटतो, अंग ताठतं. बायांनी ती वेळ बरोबर ओळखली होती, ओळखता आलं नव्हतं ते फक्त मरणाचं कारण. त्या जागरणाला मी अडाणीपणा म्हणत नाही. हातात दुसरं काही नसताना आया लेकरांवर पहारा देत होत्या.

पुढे सरकारने दायांना शिकवायला घेतलं. आजीला साबण, ब्लेड, दोरा ठेवलेली पेटी मिळाली. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा उकळलेला, नाळेवर काही लावायचं नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीने हे नियम असे पाळले की मी शिकून आल्यावरही ती माझी नखं तपासायची. गर्भारपणीचं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हे पाच नियम, यांनी ते मरण संपवलं. नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं २०१५मध्ये जाहीर झालं.

पुणं इथून साठेक किलोमीटर, पण बाळंतपणाच्या बाबतीत ते वेगळंच जग होतं. तिथे १८६३मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी फसलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं; माहेरने दार लावलेल्या बाईला बाळंत व्हायला ती पहिली जागा. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्यानंतर त्या अमेरिकेला जाऊन १८८६मध्ये डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच होता. १९१२मध्ये पुण्यात प्रसूतीसाठी के.ई.एम. रुग्णालय निघालं. राजगडाच्या पायथ्याशी मात्र पुढची कित्येक दशकं आजी आणि तिच्यासारख्याच होत्या. मूल आडवं आलं, अंगावरून जास्त गेलं, तर घोंगडीची झोळी बांबूला बांधायची आणि साखर, मार्गासनी करत नसरापूरकडे चालत सुटायचं. पावसाळ्यात ओढे फुगलेले असले की ती वाटही बंद.

माझं पहिलं बाळंतपण गुंजवण्यातच झालं, श्रावणात. सगळी लक्षणं मला तोंडपाठ होती आणि कळा सुरू झाल्यावर त्यांतलं एकही आठवलं नाही. आढ्याला बांधलेला कासरा दोन्ही हातांनी धरून मी उकिडवी बसले होते. आजीने मागून माझ्या पाठीला गुडघे टेकवले होते आणि तिच्या हातांना साबणाचा वास येत होता. मुलगी झाली. पहिल्या रात्री बाळ श्वास घेतंय ना, म्हणून मी पुन्हा पुन्हा तिच्या नाकाखाली बोट धरत होते. शेकडो बायांना ‘घाबरू नका’ म्हणणारी मी, आपल्या लेकीच्या शेजारी डोळा मिटायला घाबरत होते. घरधनी बारशाला आले, तेही उंबऱ्याशी उभे. बाप होणं म्हणजे बाहेर थांबणं, एवढंच त्यांना शिकवलेलं. त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं ते कोणी बघत नाही याची खात्री करून.

आता जावई दवाखान्याच्या दारात रात्रभर असतो, बाळाचं लंगोट बदलतो. २००५पासून जननी सुरक्षा योजना आली, आशाताई आल्या, २०१४मध्ये १०८ची रुग्णवाहिका. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेतून ५००० रुपये मिळतात. २०१८ ते २०२०च्या पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू होते, देशात ९७. ही झेप मोठी आहे आणि ती घडवणाऱ्यांत मी होते याचा मला अभिमान आहे. तरीही डोंगरावरच्या धनगरवाड्यातली पोर कळा आल्यावर आधी पायीच उतरते. गाडी खालच्या रस्त्यावर असते.

आजीच्या हातून किती मुलं जन्मली याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. जन्माच्या दाखल्यावर आई-बापाचं नाव असतं, सुईणीचं नसायचं. तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेली आजी, मावशी, आत्या असेल तर तिला विचारा, तिचं पहिलं बाळंतपण कोणी केलं. ती नाव सांगेल. ते नाव, तिचं गाव आणि तिला काय मिळालं होतं, हे वहीत लिहून ठेवा, या वर्षीच.