जिंतूरच्या वाटेला कोण जातो?

"बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण मराठवाड्यात सगळ्यांना पाठ. परभणी म्हणजे सपाट काळी जमीन, कापूस, ज्वारी आणि ऊन. खरंय, पण अर्धंच. उत्तरेला जिंतूरकडे निघालात की साधारण ४५ किलोमीटरवर अजिंठ्याच्या रांगेचे फाटे लागतात. सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचे, म्हणजे सह्याद्रीचे भाऊबंदच!

ऑफिसातली मंडळी हल्ली क्रूझवर जातात. बोट सकाळी बंदरावर सोडते, दिवसभर गावं-डोंगर बघा, संध्याकाळी परत या. आमची बोट म्हणजे देवगिरी एक्स्प्रेस. मुंबईहून रात्री बसलो, सकाळी परभणी, पुढे जीप.

जिंतूरजवळच नेमगिरीची जैन लेणी आहेत. आतली पार्श्वनाथाची भलीमोठी मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली, बघून कुणीही वाकून खाली डोकावतोच. जिंतूरचं जुनं नाव जैनपूर असल्याचं सांगतात.

पण खरा दिवस गेला चारठाण्यात. गाव छोटं आणि गावभर कोरीव दगड. गोकुळेश्वराचं मंदिर, त्याची बारव, उंचच उंच दगडी स्तंभ. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "हेमाडपंती आहे." इथे माझं घोडं अडतं. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव (१२६१-७१) आणि रामचंद्र (१२७१-१३११) यादवांचा मंत्री. आणि चुना न वापरता दगडात दगड अडकवायची ही पद्धत? अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, त्यालाही लोक बिनदिक्कत हेमाडपंतीच म्हणतात. म्हणजे मंदिर आधी आणि पंत दोनशे वर्षांनी! कोड लिहिणारे कोण आणि रिलीज नोटवर नाव कुणाचं, हे आपल्याला नवीन नाही म्हणा. त्या पाथरवटांपैकी एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही, आणि एका शब्दाने सगळं मिटवल्यामुळे कोणी शोधायलाही जात नाही. देवळं कुणाच्या पैशाने उभी राहिली, बारव कुणी खणली, पाणी कोण भरायचं... हे प्रश्न पडतच नाहीत.

बारवांचं नशीब मात्र जरा बरं. शेजारच्या सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव कचऱ्याने बुजली होती, ती अलीकडच्या काळात गावकऱ्यांनीच उपसून मोकळी केली. सरकारी फलकाची वाट न बघता.

परतीच्या वाटेवर येलदरी. पूर्णा नदीवरचं १९६८ सालचं धरण, २२.५ मेगावॅटचं वीजघर. १९९९ साली हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि खालचं सिद्धेश्वर धरण तिकडे गेलं. नदी तीच, पाण्याच्या बैठका मात्र आता दोन जिल्ह्यांच्या.