तळटीप १७ : क्रेदेन्सियाल

१७. क्रेदेन्सियाल : वायव्य स्पेनमधील सान्तियागो दे कॉम्पोस्तेला येथे संत जेम्सच्या समाधीला निघालेल्या यात्रेकरूची घडीची पुस्तिका. ती दाखवल्याशिवाय वाटेवरच्या 'आल्बेर्गे'त, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, सहसा जागा मिळत नाही. मुक्कामी, चर्चमध्ये, फार काय, कॉफी घेतलेल्या बारमध्येही तीवर शिक्का मारून घेतात. पुष्कळ शिक्क्यांवर या यात्रेची खूण असलेला शिंपला दिसतो. लेखकाचा सायकलस्वार सोबती शिक्के मोजत बसतो ते हौसेने नव्हे. पायी येणाऱ्याला किमान १०० आणि सायकलवाल्याला २०० किलोमीटरची अट आहे, शिवाय रोज दोन शिक्के लागतात. सान्तियागोतील यात्रेकरू कार्यालय ते तपासून 'कॉम्पोस्तेला' हे लॅटिनमधील प्रमाणपत्र देते. सान्तियागोपासून ११० किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावरील सारिया गावी एकाएकी गर्दी उसळते ती या अटीमुळेच. फ्रान्समधील सें-झां-प्ये-द-पोरहून पावणेआठशे किलोमीटरची सबंध वाट तुडवणारी मंडळी या ताज्या पायांकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात. पुढील पानावरील खटका त्यातलाच. प्रमाणपत्र दोघांनाही तेच मिळते, तेही फुकट. किती अंतर चाललात याच्या वेगळ्या दाखल्याला मात्र पैसे पडतात.